विश्लेषण : चोरून केलेले रेकॉर्डिंग ‘पिंक फ्लॉइड’ने ५० वर्षांनी अधिकृत का केले? ‘टेपर’ म्हणजे कोण?

‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश बँडच्या ‘विश यू वेअर हिअर’ या अल्बमला २०२५ मध्ये ५० वर्षे झाली. त्यानिमित्त डिसेंबरमध्ये आलेल्या विशेष आवृत्तीत २६ एप्रिल १९७५ च्या लॉस एंजेलिस येथील कॉन्सर्टचे रेकॉर्डिंगही आहे. ते बँडने केलेले नव्हते. माइक मिलार्ड या चाहत्याने प्रेक्षकांत बसून, परवानगीशिवाय ते कॅसेटवर टिपले होते. अशी रेकॉर्डिंग्ज कोण करते, ती जपली कशी जातात आणि बँडना ती का हवी असतात, याचा आढावा.

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या कॉन्सर्टना एवढे महत्त्व का?

या प्रकारातील रचना लांबलचक असतात आणि अनेक बँड त्या मंचावर दरवेळी वेगळ्या वाजवतात. काही रचना तर अल्बमच्या आधी मंचावर येत. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मार्च १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला, पण फ्लॉइडने तो लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये फेब्रुवारी १९७२ मध्येच वाजवला होता. त्याच्या बेकायदा तबकड्या अल्बमच्या आधीच बाजारात आल्या. मिलार्डच्या १९७५ च्या टेपमध्येही अशा दोन रचना आहेत, ज्या पुढे बदलून ‘अ‍ॅनिमल्स’ (१९७७) या अल्बममध्ये ‘शीप’ आणि ‘डॉग्ज’ या नावांनी आल्या. म्हणजेच गाणे घडत असतानाचा टप्पा अशा टेपमध्ये ऐकायला मिळतो.

मिलार्ड रेकॉर्डिंग कसे करत असे?

त्याच्याकडे नाकामिची ५५० हा कॅसेट रेकॉर्डर आणि एकेजी कंपनीचे दोन मायक्रोफोन होते. ही सामग्री आजच्या मोबाइलसारखी खिशात मावणारी नव्हती. त्यामुळे तो अनेकदा व्हीलचेअरवर बसून सभागृहात शिरायचा आणि रेकॉर्डर खुर्चीत दडवायचा. तो रेकॉर्डिंग विकण्याच्या विरोधात होता. इतरांना प्रत देताना तो तिच्यात ओळखीची खूण ठेवत असे, म्हणजे ती बाजारात आली तर कोणाकडून फुटली हे कळावे, असे सांगितले जाते. १९९४ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याने मूळ कॅसेट नष्ट केल्या, असा समज बराच काळ होता. प्रत्यक्षात त्यातील अनेक पुढे सापडल्या.

‘बूटलेग’ आणि देवाणघेवाण यात फरक काय?

चोरून केलेले रेकॉर्डिंग विकून पैसे कमावणारे ते बूटलेगर. त्यात कलाकाराला काहीच मिळत नाही. टेपर आणि संग्राहकांचा अलिखित नियम वेगळा आहे : कॅसेटच्या बदल्यात कॅसेट, किंवा कोरी कॅसेट आणि टपालखर्च, पण नफा नाही. बँडने एखादा कॉन्सर्ट अधिकृतपणे विक्रीस आणला, की त्याची देवाणघेवाण थांबवायची, हाही अनेक गटांचा नियम. अर्थात, पैसे घेतले नाहीत म्हणून परवानगी मिळाली असे होत नाही.

कॅसेटकडून डिजिटलकडे जाताना काय बदलले?

कॅसेटची प्रत, प्रतीची प्रत काढली की प्रत्येक वेळी खरखर वाढते. म्हणून ‘मूळ कॅसेटपासून कितवी प्रत?’ हा संग्राहकांचा पहिला प्रश्न असे. २००१ मध्ये आलेल्या ‘फ्लॅक’ या फॉरमॅटमध्ये आवाजातील काहीही न गमावता फाइल लहान करता येते. एमपी३ मध्ये फाइल आणखी लहान होते, पण आवाजातील काही माहिती कायमची जाते. त्यामुळे संग्राहक ती टाळतात. प्रत्येक रेकॉर्डिंगसोबत कोणता मायक्रोफोन, कोणता रेकॉर्डर, कितवी प्रत याची नोंद असलेली टेक्स्ट फाइल दिली जाते. जुन्या डेकचा वेग थोडा कमी-जास्त असल्याने सूर वर-खाली झालेला असतो. तोही सॉफ्टवेअरने दुरुस्त केला जातो.

मिलार्डच्या टेपवर ध्वनिसंस्कार केले ते स्टीव्हन विल्सन याने. त्याचा ‘पॉर्क्युपाइन ट्री’ हा बँड डिसेंबर २००९ मध्ये आयआयटी मुंबईच्या ‘मूड इंडिगो’त वाजवून गेला आहे.

बँडची भूमिका काय?

ती एकसारखी नाही. ‘किंग क्रिम्सन’चा रॉबर्ट फ्रिप परवानगीशिवाय होणाऱ्या रेकॉर्डिंगचा कडवा विरोधक. मात्र त्याच्याच ‘डीजीएम’ कंपनीने १९९८ पासून ‘कलेक्टर्स क्लब’द्वारे जुने कॉन्सर्ट चाहत्यांना उपलब्ध करून दिले. फ्रँक झापाने १९९१ मध्ये बूटलेगरांच्याच तबकड्या ‘बीट द बूट्स’ या नावाने अधिकृतपणे बाजारात आणल्या. ‘ड्रीम थिएटर’च्या माइक पोर्टनॉयने २००३ मध्ये ‘अधिकृत बूटलेग’ काढण्यासाठी ‘यत्सेजॅम रेकॉर्ड्स’ सुरू केले.

भारतात कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ नुसार कलाकाराला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो. ते रेकॉर्ड करण्याचा आणि त्याच्या प्रती लोकांना देण्याचा अधिकार कलम ३८-अ नुसार त्याचाच. कलम ३९ मध्ये स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला सूट आहे. पण तीच फाइल इंटरनेटवर सर्वांसाठी टाकणे म्हणजे खासगी वापर नव्हे. शिवाय तिकिटावरील अटी वेगळ्या असू शकतात.

मग या संग्रहांचे मोल काय?

नकळत रेकॉर्डिंग झालेल्या कलाकाराचा आक्षेप रास्त आहे. एखाद्या रात्री चुकलेला सूर कायमचा जगभर फिरावा का, हे ठरवण्याचा हक्क त्याचाच. मात्र ज्या कॉन्सर्टची दुसरी चांगली टेप उरलेली नाही, तिथे प्रेक्षकाची कॅसेट हाच एकमेव पुरावा असतो. चुंबकीय फीत कालांतराने खराब होते आणि मूळ संग्राहकही आता वृद्ध झाले आहेत. त्यामुळे माळ्यावरच्या पेटीतील कॅसेट वेळेत डिजिटल करणे आणि तिची नोंद जपणे महत्त्वाचे ठरते. ती जगासमोर आणायची की नाही, हा निर्णय त्यानंतरचा. आणि तो कलाकाराला विचारून घेता येतो.