कत्तलखान्यांच्या जागी शांतिसदन

न्यूयॉर्क शहरात ईस्ट नदीच्या काठी, जेथे आज संयुक्त राष्ट्रसंघाचे मुख्यालय आहे, तेथे पूर्वी कत्तलखाने होते. ही जागा मोकळी करविणारा पुरुष कोणी साधू नव्हे, जमिनीचा व्यापारी होता. विल्यम झेकेंडॉर्फ (१९०५–१९७६) हे त्याचे नाव.

१९३८ साली ते ‘वेब अँड नॅप’ या पेढीत आले व पुढे तिचे सूत्रधार झाले. नदीकाठची ही जागा त्यांनी भव्य व्यापारी नगरीसाठी घेतली होती. परंतु १९४६ साली ८५ लाख डॉलरांस ती सोडली. रॉकफेलर यांनी ती रक्कम भरून भूमी राष्ट्रसंघास अर्पण केली. अहिंसेच्या उपासकांस हा व्यवहार वंद्य वाटावा.

पुढे डेन्व्हर, मॉन्ट्रिअल येथेही त्यांनी उत्तुंग इमारती उभारल्या. मात्र इमारतीचे भाडे सावकाश येते, अल्पमुदतीच्या कर्जाचे व्याज थांबत नाही. १९६५ साली पेढीचे दिवाळे निघाले.

कोठारात माल असताना हुंडीची मुदत भरली म्हणजे काय होते, हे आम्ही धान्याचे व्यापारी जाणतो. परिग्रहपरिमाण व्रत आम्ही संपत्तीपुरतेच मानतो. ते ऋणासही लागू करावे, एवढीच व्यापारी बंधूंस आमची विनंती.