फादर स्टीफन्स यांची शिष्य घडविण्याची रीत

मालवण तालुक्यांत गड नदीच्या कांठीं मसुरें हा मोठा गांव आहे. भरतगडाचा किल्ला आणि आंगणेवाडीच्या श्रीभराडी देवीची जत्रा यांमुळें त्याचें नांव कोंकणाबाहेरहि परिचित आहे. ह्या बाजूस दशावताराचा खेळ रात्रभर चालतो, श्रावणांत पोथी लागते, आणि ज्यास अक्षरओळख नाहीं अशा शेतकऱ्याच्याहि तोंडीं रामकृष्णांच्या कथा असत आल्या आहेत. धर्म हा येथें डोळ्यांनीं वाचावयाचा नसून कानांनीं ऐकावयाचा विषय होता. ही गोष्ट ध्यानांत धरूनच प्रस्तुत विषयाकडे वळलें पाहिजे. कारण ह्याच किनाऱ्यावर, थोड्या दक्षिणेस, एका परदेशी पाद्र्यानें लोकांचा हा कान ओळखला, आणि त्यावर ख्रिस्ती धर्माच्या शिक्षणाची एक संपूर्ण पद्धति उभारली.

मसुऱ्याहून निघून वेंगुर्लें मागें टाकलें व तेरेखोलची खाडी उतरली, कीं गोमांतक लागतें. पेडणें, बारदेश व तिसवाडी ओलांडून जुवारीपलीकडे गेलें म्हणजे साष्टी महाल येतो. तिसवाडी पोर्तुगीजांनीं इ. स. १५१० मध्यें जिंकली. बारदेश व साष्टी हे महाल त्यांजकडे इ. स. १५४३ मध्यें आले. राज्य बदललें तरी भाषा, शेती, सण व चालीरीति यांच्या दृष्टीनें हा सर्व मुलूख मालवणाशीं एकजीवच होता. साष्टींतील केळोशी गांवच्या कृष्णदास शामा यानें इ. स. १५२६ मध्यें श्रीकृष्णचरित्रकथा मराठी ओंवींत रचली. तेव्हां घाटावर जी पुराणश्रवणाची आवड होती, तीच समुद्रकांठींहि होती, याविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, ह्या लोकांस ख्रिस्ती धर्म कसा शिकविला गेला? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस सर्व राष्ट्रांस शिष्य करण्याची व त्यांस शिकविण्याची आज्ञा आहे. परंतु बाप्तिस्मा देणें ही एक गोष्ट व शिष्य घडविणें ही दुसरी. पहिलीस घटकाभर पुरते. दुसरीस पिढी लागते. गोमांतकांत ह्या दोन गोष्टींमधील अंतर फारच मोठें होतें, व तें कां पडलें हें स्पष्टपणें सांगितलें पाहिजे.

सेंट फ्रान्सिस झेवियर इ. स. १५४२ च्या मे महिन्यांत गोव्यास उतरला. रस्त्यांतून घंटा वाजवीत हिंडावें, मुलांस व चाकरमाणसांस गोळा करावें आणि धर्माचीं मुख्य वचनें त्यांजकडून घोकून घ्यावीं, अशी त्याची रीत होती. परंतु पुढें राज्यसत्तेनें दुसराच मार्ग धरिला. इ. स. १५६० मध्यें गोव्यांत इन्क्विझिशन बसलें, इ. स. १५६७ मध्यें साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं; पूर्वीच्या पोथ्या व पुराणें यांस बंदी झाली. इ. स. १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें रुदोल्फ आक्वाव्हिव्हा याच्यासह पांच जेझुइट मारले गेले, व त्याच्या सूडादाखल कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांस असोळणें येथें बोलावून त्यांपैकीं बहुतेकांस ठार करण्यांत आलें. अशा स्थितींत अनेक जण ख्रिस्ती झाले. परंतु ते काय सोडून आले हें त्यांस कळत होतें, आणि कोठें आले हें नीटसें कळत नव्हतें. देऊळ गेलें, पोथी गेली, आणि ऐकण्याची संवय मात्र राहिली.

ही पोकळी ज्यानें ओळखली तो पुरुष म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. हा जातीनें इंग्रज. त्याचा जन्म इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत सुमारें इ. स. १५४९ मध्यें झाला. इ. स. १५७५ मध्यें रोम येथें तो जेझुइट पंथांत शिरला व ता. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास पोंचला. हिंदुस्थानांत कायम वास्तव्य केलेला पहिला ज्ञात इंग्रज तोच होय. इ. स. १६१९ मध्यें गोमांतकांतच त्याचा अंत झाला. म्हणजे सुमारें चाळीस वर्षें तो ह्या देशांत राहिला, व त्यांतील बहुतेक काळ साष्टींत गेला. कुंकळ्ळीच्या प्रकरणाचे वेळीं तो साष्टींतच होता, व मारल्या गेलेल्या सोबत्यांचीं प्रेतें परत मिळवून तीं पुरण्याचें काम त्यानेंच केलें. असे असतां त्याच्या पुढील पस्तीस वर्षांच्या उद्योगाचें फळ म्हणून जे ग्रंथ राहिले, ते शस्त्राच्या नव्हे तर शब्दाच्या बळावर उभे आहेत.

त्याच्या नांवावर तीन मुख्य ग्रंथ आहेत. हे तीन ग्रंथ म्हणजे एकाच पद्धतीच्या तीन पायऱ्या होत, असें आमचें मत आहे.

पहिली पायरी शिकविणाऱ्याची. गुरूनें प्रथम शिष्य व्हावें. ज्यांस शिकवावयाचें त्यांची भाषा त्यांच्याच तोंडून उचलावी. याकरितां स्टीफन्सनें लोकभाषेचें व्याकरण रचलें. दियोगो रिबैरो यानें त्यांत भर घातली, आणि तें स्टीफन्सच्या मृत्यूनंतर, इ. स. १६४० मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. आमच्या देशांतील आधुनिक भाषांचीं जीं व्याकरणें छापलीं गेलीं, त्यांत हें आद्य मानलें जातें. हें व्याकरण नव्यानें आलेल्या पाद्र्यांसाठीं होतें. दुभाष्याच्या तोंडून धर्म सांगणाऱ्यास शिष्याची शंका कळत नाहीं, व जेथें शंका कळत नाहीं तेथें शिक्षण होत नाहीं.

दुसरी पायरी बालकांची व नवशिक्यांची. तिजकरितां ‘दौत्रिना क्रिस्तां’ ही लहान प्रश्नोत्तरी होती. ती इ. स. १६२२ मध्यें प्रसिद्ध झाली. मार्कुस जॉर्ज याच्या पोर्तुगीज प्रश्नोत्तरीवर ती आधारलेली असून गुरु व शिष्य यांच्या संवादाच्या रूपानें ती मांडलेली आहे. प्रार्थना, श्रद्धेचीं कलमें, दहा आज्ञा व संस्कार हे विषय तींत थोडक्या वाक्यांत आले आहेत. असलें पुस्तक वाचण्यासाठीं नव्हे, पाठ करण्यासाठीं असतें. मुलानें तें देवळांत शिकावें, घरीं म्हणावें, व म्हणतां म्हणतां आईबापांच्याहि कानीं तें पडावें. शाळेंतून घरांत शिरण्याची ही वाट झेवियरच्या घंटेहून अधिक दूर जाणारी होती.

तिसरी पायरी प्रौढांची, व हीच सर्वांत महत्त्वाची. ज्यानें प्रश्नोत्तरी पाठ केली त्यास धर्माचीं कलमें येतात, पण त्याचें मन कथेवांचून भरत नाहीं. ही उणीव स्टीफन्सनें ‘ख्रिस्तपुराण’ रचून भरून काढली. हा ग्रंथ इ. स. १६१६ (शके १५३८) मध्यें रायतूर येथें प्रथम छापला गेला, पुढें इ. स. १६४९ व १६५४ मध्यें त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंतची कथा ३६ अवस्वरांत आहे. दुसऱ्यांत येशूचें चरित्र ५९ अवस्वरांत आहे. दोहोंच्या मिळून १०,९६२ ओंव्या होतात.

हा ग्रंथ कां रचला, हें पहिल्याच अवस्वरांत सांगितलें आहे, व त्यांतच त्याची सर्व पद्धति सांठविलेली आहे. साष्टींत एके दिवशीं धर्मशिक्षण चाललें असतां एक ब्राह्मण पाद्री गुरूस विचारतो कीं, आमचीं पूर्वीचीं पुराणें आपण बंद केलींत. मग त्यांच्या जागीं आम्हांस तशींच दुसरीं कां देत नाहीं? हा प्रसंग प्रत्यक्ष घडलेला असो वा कवीनें योजलेला असो, त्यांतील मर्म एकच. स्टीफन्सनें आपला ग्रंथ शिष्याच्या मागणींतून आरंभिला. पुढेंहि श्रोते मधून मधून शंका काढतात व गुरु त्यांचें समाधान करितो. वक्ता-श्रोत्यांचा हा संवाद आपल्या पुराणांचा जुनाच सांगाडा आहे. नवा धर्म सांगणारानें ओळखीचें आसन घेतलें, व श्रोत्यासहि त्याचें नेहमींचें आसन दिलें.

हीच नीति त्याच्या शब्दयोजनेंतहि दिसते. स्वर्गास त्यानें वैकुंठ म्हटलें, उपदेशकास गुरु म्हटलें, छंद ओंवीचा घेतला, व भाषा मुख्यतः मराठी ठेवून तींत साष्टींतील बोलीचे शब्द मिसळले. मराठीची थोरवी गाणारा त्याचा उतारा तर सर्वश्रुतच आहे. परंतु जेथें देशी शब्दानें अर्थाचा घोंटाळा झाला असता, तेथें, विशेषतः संस्कारांच्या नांवांत, परदेशी शब्द तसेच राहूं दिले. लोकांचें जें घेतां येईल तें घ्यावें, आणि जें नवें आहे तें नवें म्हणूनच सांगावें, असा हा विवेक आहे. तो साधण्यासाठीं देशी ग्रंथांचा कसून अभ्यास करावा लागला असला पाहिजे. कृष्णदास शामाच्या रचनांसारखें मराठी वाङ्मय रोमन लिपींत उतरवून घेतलेल्या जुन्या प्रती पोर्तुगालांत ब्रागा येथें आहेत. त्यांवरून ह्या पाद्र्यांनीं आमचीं पुराणें किती बारकाईनें पाहिलीं होतीं, हें कळून येतें.

लिपीच्या बाबतींत मात्र त्याचा हेतु तडीस गेला नाहीं. ता. ५ डिसेंबर १६०८ च्या पत्रांत त्यानें आपल्या वरिष्ठांस कळविलें कीं, देशी लिपींत पुस्तकें छापावीं अशी आपली फार दिवसांची इच्छा आहे. परंतु अक्षरें जोडाक्षरयुक्त असल्यामुळें सुमारें ६०० ठसे पाडावे लागतील, व वरिष्ठांच्या साहाय्यावांचून तें घडणें शक्य नाहीं. तेव्हां पुराण रोमन अक्षरांत छापलें गेलें. याचें फार नुकसान झालें नाहीं, कारण पुराण हें मुळांत ऐकण्याचेंच होतें. रविवारीं व सणांच्या दिवशीं तें देवळांत मोठ्यानें वाचीत. एक वाचणारा असला म्हणजे शंभर ऐकणारे तृप्त होत.

कोणत्याहि शिक्षणाची खरी कसोटी ही कीं, शिकविणारा गेल्यावर व राजाश्रय सुटल्यावर तें टिकतें कीं नाहीं. ती वेळ लवकरच आली. ता. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यानें हुकूम काढून लोकांनीं तीन वर्षांच्या आंत देशी बोली टाकून पोर्तुगीज बोलावें, असें फर्माविलें. म्हणजे ज्या भाषेंत धर्म शिकविला, तिच्याच विरुद्ध सत्ता उभी राहिली. तथापि पुराण मेलें नाहीं. छापलेल्या तीन आवृत्त्यांपैकीं एकहि प्रत आज उपलब्ध नसतां तो ग्रंथ आपल्या हातीं आहे, तो केवळ लोकांनीं हातानें नकला करून ठेविल्यामुळें. गोमांतकांतून कानडा प्रांतीं गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्या नकला बरोबर नेल्या. इ. स. १७८४ मध्यें टिपूनें मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांस श्रीरंगपट्टणास धरून नेलें, तेव्हां ह्याच पुराणानें त्यांस धीर दिला, असें परंपरा सांगते. मंगळूर येथें जे. एल. सालढाणा यांनीं इ. स. १९०७ मध्यें जी आवृत्ति काढिली, ती अशाच हस्तलिखितांवरून. लंडन येथील मार्सडन संग्रहांत तर देवनागरींतील पोथीहि आहे. पुढें इ. स. १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति प्रसिद्ध केली. राज्याच्या हुकमानें पोथी जाळतां येते. पोथीची नकल करण्याची इच्छा हुकमानें उत्पन्न करितां येत नाहीं.

ह्या रीतीची सत्यता तीन शतकांनंतर पुन्हां दिसून आली. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री इ. स. १८१३ मध्यें मुंबईस आले. शाळा, छापखाना व भाषांतरें यांच्या द्वारें मिशनांनीं पुष्कळ कार्य केलें. तरीहि रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांस असें वाटूं लागलें कीं, मराठी माणसापुढें ख्रिस्त परदेशी वेषांत उभा आहे. इ. स. १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतलेल्या ह्या कवीनें भजन, अभंग व कीर्तन हीं साधनें हातीं घेतलीं, ओंवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें, व इ. स. १९१७ मध्यें मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. स्टीफन्स परका असून देशी झाला. टिळक देशीच होते. पण दोघांच्या मागें राहिलेला धडा एकच आहे: शिष्याची भाषा शिकावी, थोडें पाठ करवावें, पुष्कळ ऐकवावें, शंकेस मोकळीक द्यावी, आणि ज्या छंदांत तो आजवर देवास आळवीत आला त्याच छंदांत त्यास नवी कथा द्यावी.

ह्याबरोबरच दुसरी बाजूहि विसरतां कामा नये. ज्या ब्राह्मणानें नव्या पुराणाची मागणी केली, त्याचीं जुनीं पुराणें आधीं हिरावून घेतलेलीं होतीं. स्टीफन्सच्या ग्रंथाची थोरवी मान्य करूनहि ती बंदी न्याय्य ठरत नाहीं. उलट बळानें जें साधलें नाहीं तें प्रेमळ शिकवणीनें साधलें, हेंच त्या ग्रंथाच्या आयुष्यावरून सिद्ध होतें.

मालवण किनाऱ्यावरील कॅथॉलिक समाज हा ह्याच इतिहासाचा वारस आहे. इ. स. २००५ मध्यें सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांतहि स्थापन झाला आहे. गोमांतक व कानडा येथील पोथ्यांचा जसा शोध झाला, तसा मसुऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या गांवांतूनहि व्हावयास पाहिजे. जुन्या घरांतील प्रार्थनांच्या वह्या, लग्नांतील व उपवासकाळांतील गाणीं, वृद्धांच्या तोंडीं राहिलेल्या ओंव्या, हीं सर्व इतिहासाचीं साधनेंच होत. हिंदु घरांतील पोथ्याहि त्यांच्या शेजारीं ठेवून पाहाव्यात, म्हणजे एकाच ओंवीनें दोन धर्मांची सेवा कशी केली हें उघड होईल. कागदास वाळवी लागते, आणि आठवण माणसाबरोबर जाते. ज्या अभ्यासकांस ह्या गांवांत जाणेंयेणें सुलभ आहे, त्यांनीं हें काम सत्वर हातीं घ्यावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.