औषधाविना टिकवर नियंत्रण

डोळे मिचकावणे, मान झटकणे, घसा खाकरणे अशा अचानक व पुन्हापुन्हा घडणाऱ्या हालचालींना किंवा आवाजांना वैद्यकशास्त्रात ‘टिक’ म्हणतात. त्याआधी अनेकांना शरीरात जाणवणारी अस्वस्थ ओढ, म्हणजेच पूर्वसंवेदना, हा वर्तनोपचाराचा मुख्य आधार असतो. नेथन अझरिन व ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या सवय-परिवर्तन पद्धतीत रुग्ण ही ओढ ओळखण्यास शिकतो आणि ती जाणवताच टिकला अटकाव करणारी पर्यायी कृती करतो. उदाहरणार्थ, मान झटकावीशी वाटताच हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलकेच ताणून धरतो व ओढ ओसरेपर्यंत, निदान मिनिटभर, तसाच राहतो. टिकमुळे अभ्यासातून सूट मिळणे किंवा घरच्यांनी सतत टोकणे यांसारखे टिक वाढवणारे प्रसंगही या पद्धतीवर आधारलेल्या व्यापक वर्तनोपचारात बदलले जातात. अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या १२६ मुलांवर झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा आठवड्यांनंतर हा उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ५३ टक्के मुलांत लक्षणीय सुधारणा दिसली, तर केवळ माहिती व मानसिक आधार मिळालेल्या गटात हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास होते. टिक मुद्दाम केली जात नसल्यामुळे मुलाला रागावण्याऐवजी प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे, हेच पालकांचे पहिले कर्तव्य होय.