'एडवर्ड' या नावाविषयी

श्रीपाल या आपल्या नावाला इंग्रजी प्रतिशब्द कोणता, असे कोणी विचारले, तर मी निःसंकोचपणे 'एडवर्ड' असे सांगेन. जुन्या इंग्रजीत 'एआड' म्हणजे संपत्ती, भाग्य. 'वेआर्ड' म्हणजे राखणारा. यातला दुसरा शब्द आपल्याला मुळीच परका नाही. इस्पितळातला वॉर्ड त्याच घरातला. आगगाडीचा गार्डही त्याचाच भाऊबंद. मात्र तो फ्रेंचांच्या घरी राहून आला, म्हणून त्याच्या 'व'चा 'ग' झाला. सातव्या एडवर्डच्या स्मरणार्थ परळला १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय उघडले, तिथे वॉर्ड विचारणाऱ्याच्या तोंडी हे निम्मे नाव आपसूक येते.

परंतु अर्थ चांगला म्हणून नाव टिकते, असे मात्र समजू नका. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढच्या काही पिढ्यांत लिओफ्रिक, एथेलरेड, वुल्फस्टन ही अस्सल इंग्रज नावे मागे पडली. शेतकऱ्याच्या पोरालाही विल्यम नि रॉबर्ट म्हणू लागले. मग एडवर्ड कसा वाचला?

तो वाचला एका राजाच्या पुण्याईवर. १०४२ पासून राज्य करणारा, वेस्टमिन्स्टरचे मोठे मठमंदिर उभारणारा एडवर्ड १०६६ च्या जानेवारीत निपुत्रिक वारला, आणि त्याच्या गादीच्या तंट्यातूनच नॉर्मन स्वारी झाली. विल्यम म्हणे, मीच त्याचा खरा वारस! साहजिकच जेत्यांनाही या मृत राजाचा मान राखणे भाग पडले. ११६१ साली पोपने त्याला संतपद दिले. पुढे तिसरा हेन्री त्याचा इतका भक्त झाला की, १२३९ साली जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाला त्याने तेच नाव ठेवले. फ्रेंच बोलणाऱ्या दरबाराला ते जरा गावंढळच वाटले असेल. तोच मुलगा १२७२ साली राजा झाला. त्याच्यामागून त्याचा मुलगा एडवर्ड, मग नातूही एडवर्ड. नाव देशभर रुजले.

गंमत अशी की, हेन्रीचा हा मुलगा इतिहासात 'पहिला एडवर्ड' ठरला. वस्तुतः इंग्रजांच्या गादीवर त्याच्याआधी तीन एडवर्ड होऊन गेले होते. परंतु राजांची मोजदाद जेत्यांपासून धरली जाते ना! त्यामुळे १९३६ साली गादी सोडून गेलेला एडवर्ड आठवा म्हणवतो, आणि ज्याच्यामुळे नाव जगले, त्या संताला क्रमांकच नाही.