पोटातल्या नकाशाला बहुमताचा आधार

यकृताची धमनी पाठ्यपुस्तकात एकाच तऱ्हेने काढलेली असते: महाधमनीच्या सीलिअॅक खोडातून निघालेली, पुढे डावी-उजवी विभागलेली. निकोलस मिशेल्स यांनी 200 मृतदेहांच्या विच्छेदनावरून 1966 मध्ये वर्गीकरण मांडले, तेव्हा ही रचना जेमतेम 55 टक्के देहांत निघाली. इतरांत उजवी धमनी कधी आतड्याच्या धमनीतून येते, तर डावी जठराच्या. मूत्रपिंडाचेही तेच, साधारण चौघांत एकाला जादा धमनी असते, आणि तिचा त्रास बहुतेकांना कधीच जाणवत नाही. म्हणून या फरकांना सरसकट दोष म्हणणे मला पटत नाही.

पण शस्त्रक्रियेत हाच फरक जिवावर बेतू शकतो. पित्ताशय काढताना त्याची बारीक धमनी बांधून कापतात. यकृताची उजवी धमनी वळसा घेत पित्ताशयाला बिलगून गेली असेल, तर चुकून तीच कापली जाण्याचा धोका असतो. म्हणून हे फरक आधी मृतदेहांच्या विच्छेदनातून शिकायला हवेत. यावर कोणी म्हणेल, रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी अँजिओग्राफी असताना मृतदेह कशाला? जिवंत अवयवदात्यांची ती तपासणी होतेच. मात्र पित्ताशयाच्या प्रत्येक रुग्णाची होत नाही, आणि मज्जातंतूंचे केसासारखे जाळे तीत नीट उमटत नाही. ते चिमट्याने चरबी बाजूला सारत, तंतू तंतू मोकळा करतच शिकावे लागते. शिवाय एका देहात एकच रचना दिसते. विविधता समजायला अनेक देह हवेत, आणि ते देहदानातून मिळतात. देहदानाचा संकल्प केला असेल, तर घरच्यांना आजच स्पष्ट सांगून ठेवा.