नोकरी उत्तम, परंतु…

हुबळीच्या दाजीबानपेठेत तुळजाभवानीच्या दर्शनास जाताना एका कापडदुकानातील वयस्क विक्रेत्याशी आम्ही नेहमी दोन शब्द बोलत असू. इरकली साडीचा टोपपदर उलगडून दाखविताना त्यांची मुद्रा अभिमानाने उजळे. पगार वेळेवर, मालक सज्जन, घर हाकेच्या अंतरावर. पुढे व्यवस्थापक बदलले. नवे गृहस्थ गिऱ्हाइकांदेखत यांचा पाणउतारा करीत. खपलेल्या मालाचे श्रेय स्वतः घेत, पडून राहिलेल्याचा दोष यांच्या माथी मारीत. एकदा आम्ही विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “काम तेच आहे, अण्णा, पण सकाळी चप्पल पायात घालवत नाही.”

या उद्गाराने आम्हांस लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण झाले. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक होते. बढतीची वेळ आली तेव्हा वरिष्ठांनी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनास ती जागा दिली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावास परतले. पुढे त्यांचा लोखंडी नांगर घरोघरी पोहोचला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, हे सर्वश्रुत आहे.

मात्र एका गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते. बेळगावचे सायकलींचे दुकान १८८८ सालीच, नोकरी चालू असताना, सुरू झाले होते आणि बंधू रामूअण्णा ते सांभाळीत होते. पाय टेकण्यास जागा होती, म्हणून स्वाभिमान पेलता आला.

ज्याचे असे बेळगाव नाही, त्याने काय करावे? आमच्या स्नेह्यांनी तीन वर्षे घरी अवाक्षर काढले नाही. अन्नावरची वासना मात्र उडाली. अखेर सूनबाईंनीच विषय काढला. दिवाळीनंतर त्यांनी नोकरी सोडली. आता ते घरच्या ओसरीवरच साड्या विकतात. प्राप्ती पूर्वीहून कमी आहे. परंतु पदर उलगडताना तीच जुनी मुद्रा पुन्हा दिसते.

मालकांना खरे कारण कळले, ते हिशेब चुकता करण्याच्या दिवशी. त्यांनी फार हळहळ केली. दुकानाची गादी सांभाळणाऱ्यांनी हिशेबाच्या वह्यांबरोबर माणसांचे चेहरेही अधूनमधून वाचावेत. आणि घरच्या मंडळींनी, कर्ता माणूस मुकाट्याने जेवू लागला, तर त्यास कारण विचारावे. रामूअण्णा प्रत्येकास लाभत नाहीत. घर मात्र रामूअण्णा होऊ शकते.