बोटीवरील शौचालय : बिघाड, दुरुस्ती आणि देखभाल

बोट विकत घेताना मालक इंजिन सुरू करून पाहतो, बूड ठोकून पाहतो, दोर-नांगर मोजून घेतो. शौचालयाचे दार मात्र उघडून लगेच बंद करतो. आम्ही कापडाचे व्यापारी. पण किनाऱ्यावरच्या बाजारपेठेत बसतो, तेव्हा बोटमालक, तांडेल आणि प्लंबर या तिघांच्याही तक्रारी आमच्या कानावर येतात. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. घरातील शौचालय बिघडले तर घाण होते. बोटीवरील शौचालय बिघडले तर बोट बुडू शकते.

कारण साधे आहे. साध्या पंपाच्या शौचालयासाठी बोटीच्या बुडाला पाण्याच्या पातळीखाली बहुधा दोन भोके असतात. एकातून समुद्राचे पाणी आत येते, दुसऱ्यातून मैला बाहेर जातो. प्रत्येक भोकावर एक व्हॉल्व असतो, त्याला सीकॉक म्हणतात. १४ एप्रिल १९४५ रोजी यू-१२०६ ही जर्मन पाणबुडी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ अशाच कारणाने गमावली गेली. शौचालयाच्या वाटेने समुद्राचे पाणी आत शिरले, ते खालच्या बॅटऱ्यांपर्यंत पोहोचले आणि विषारी क्लोरीन वायू तयार झाला. पाणबुडीला वर यावे लागले आणि अखेर ती सोडून द्यावी लागली. युद्धनौकेची ही गत, तर आपल्या लहान बोटीची काय कथा!

यंत्र कसे चालते?

घरात मैला उतारावरून आपोआप वाहतो. बोटीत तो पंपाने ढकलावा लागतो. हातपंपाचा दट्ट्या वर-खाली केला की एका बाजूने समुद्राचे पाणी भांड्यात येते आणि दुसऱ्या बाजूने मैला नळीत जातो. गेलेला मैला परत येऊ नये म्हणून पंपाच्या तोंडाशी चोचीसारखी एक रबरी झडप असते. तिला जोकर व्हॉल्व म्हणतात. पाणी आणणारी नळी साधारण १९ मिलिमीटरची आणि मैल्याची ३८ मिलिमीटरची असते.

भांडे पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळी वर नेऊन कमानीसारखी वळवतात आणि कमानीच्या माथ्यावर हवेची लहान झडप बसवतात. ही झडप नसेल किंवा मिठाने बुजली असेल, तर पंप थांबल्यावरही पाणी आपोआप ओढले जाते आणि भांडे भरून वाहू लागते. धक्क्याला बांधलेली बोट रात्रीत बुडण्याचे हे एक कारण आहे.

बिघाड कसा ओळखावा?

भांड्यात हळूहळू पाणी परत येत असेल, तर जोकर व्हॉल्व झिजला आहे किंवा त्यावर क्षाराचा थर बसला आहे. ही झडप स्वस्त असते; वर्षातून एकदा बदलून टाकावी. पाणी झपाट्याने आणि न थांबता येत असेल, तर आधी दोन्ही सीकॉक बंद करावेत, मग कमानीवरची झडप तपासावी.

पंप मारूनही पाणी येत नसेल, तर आत येणारा सीकॉक उघडा आहे का ते पाहावे. त्यानंतर जाळीत शेवाळ किंवा प्लॅस्टिक अडकले आहे का पाहावे. तिथेही दोष नसेल तर दट्ट्याचे वायसर झिजले समजावे.

पंप जड जात असेल तर जोर लावू नये. जोराने नळी सुटते आणि सारा मैला खोलीत येतो. बाहेर जाणारा सीकॉक बंद असेल, नळी तुंबली असेल, किंवा मैल्याच्या टाकीचा हवेचा पाइप बुजला असेल. टाकीचे झाकण उघडताना तोंड जवळ नेऊ नये. तेथे साचणारा वायू प्राणघातक ठरू शकतो. बंद टाकीत तर माणूस कधीच उतरवू नये.

विजेवर चालणारा पंप नुसता गुणगुणत असेल आणि फिरत नसेल, तर पात्यांत काहीतरी अडकले आहे. बटण पुन्हा पुन्हा दाबल्यास मोटार जळते. आधी वीज तोडावी, मग पंप उघडावा.

तुंबते कशाने?

येथे आमच्या धंद्याची गोष्ट येते. शौचालयाचा साधा कागद पाण्यात विरघळतो, कापड विरघळत नाही. बाजारात मिळणारे ओले पुसणे कागदासारखे दिसते, पण त्यात बहुधा पॉलिएस्टरचे तंतू असतात. ते पात्यांना सुतासारखे गुंडाळले जातात. बोटीवर पर्यटक नेणाऱ्यांनी खोलीत झाकणाची बादली ठेवावी आणि मराठीत ठळक पाटी लावावी. आपल्याकडे पाणी वापरण्याची पद्धत असल्याने कागदाचा त्रास कमी. मात्र टाकी लवकर भरते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरे कारण क्षाराचे. लघवी आणि समुद्राचे पाणी एकत्र आले की नळीच्या आत दगडासारखा थर चढतो आणि वाट अरुंद होते. आठवड्यातून एकदा सिरका ओतून रात्रभर ठेवल्यास थर वाढत नाही. जुना थर असेल तर नळी काढून धक्क्यावर आपटावी, खपल्या पडतात. सिरका किंवा कोणतेही आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन निघतो. तीव्र रसायनांनी रबरही खराब होते.

भांड्यातले पाणी स्वच्छ दिसले म्हणून पंप थांबवू नये. ३८ मिलिमीटरच्या नळीत दर मीटरला एक लिटरहून थोडे अधिक राहते. नळी तीन मीटर असेल तर तेवढे सारे पाणी पुढे ढकलले पाहिजे.

वास का येतो?

सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर नळीत साचलेल्या समुद्राच्या पाण्यातील जीव कुजले आहेत. बोट काही दिवस उभी राहणार असेल तर गोडे पाणी भांड्यात ओतून पंप मारावा. तरी वास राहिला तर सुती फडके गरम पाण्यात भिजवून, पिळून नळीभोवती गुंडाळावे. थंड झाल्यावर फडक्याला वास आला तर नळी मुरली आहे. ती बदलण्यावाचून उपाय नाही.

कारागिरांसाठी

घरगुती नळकाम करणाऱ्याला हे काम शिकता येते, पण चार नियम पाळावेत. साधा पितळी व्हॉल्व बुडाला बसवू नये. खाऱ्या पाण्यात त्यातील जस्त झिजते. वरून शाबूत दिसतो आणि हात लावताच तुटतो. त्या जागी कांस्याचा घ्यावा. पाण्याखालच्या जोडावर स्टेनलेस स्टीलच्या दोन क्लिपा लावाव्यात. रबराला इंजिन ऑइल न लावता सिलिकॉन ग्रीस लावावे. आणि प्रत्येक सीकॉकजवळ निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवावी. व्हॉल्व तुटलाच तर तीच ठोकून भोक बुजवता येते.

बंदरात उभे असताना मैला पाण्यात सोडू नये. त्याच पाण्यातून लोक मासळी काढतात. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी २७ सप्टेंबर २००३ पासून मार्पोल कराराचे चौथे परिशिष्ट लागू आहे. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या पलीकडेच, तोही जहाज चालते असताना, सोडता येतो. लहान बोटवाल्यांनीही टाकी बसवावी, हेच शहाणपणाचे.

मालकांनी खलाशाला एक सवय लावावी. बोट सोडताना दोन्ही सीकॉक बंद करायचे, आणि वापर नसला तरी महिन्यातून एकदा ते उघडून-मिटून पाहायचे. अडकलेला व्हॉल्व ऐनवेळी बंद होत नाही. या कामाला दोन मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही.